स्टिरिओपेक्षा ५.१ मिक्स फिकं वाजतंय: दोष मिक्सचा, यंत्रणेचा की हॉलचा?

गंगापूररोड_११बाय१६

मंडळी, चित्रपट झकास वाजतात, पण मल्टिचॅनेल संगीत लावलं की हिरमोड होतो. नेमकं कुठे पाणी मुरतंय ते शोधायची पद्धत हवी आहे.

हॉल ११ बाय १६ फूट, उंची साडेनऊ, पीओपीचं छत, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. ५.१.२ मांडणी: पुढे तीन, मागे दोन बुकशेल्फ (५ इंची वूफर), १० इंची सब, आणि पुढच्या दोन स्पीकरवर छताकडे तोंड केलेले ॲटमॉस (डॉल्बीची वरूनही आवाज देणारी पद्धत) मॉड्यूल. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. ॲपल टीव्ही ४के वर ॲपल म्युझिक, शिवाय एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) वाजवणारा ब्लू-रे प्लेअर. दोन्ही एचडीएमआयने थेट रिसीव्हरला. ऑटो कॅलिब्रेशन झालेलं आहे.

तक्रारी अशा:

१. ॲटमॉस आवृत्ती स्टिरिओपुढे दबकी, निर्जीव.
२. एसएसीडीचं ५.१ लावलं की किक ड्रम आणि बेस पातळ. चित्रपटात तोच सब भिंती हलवतो.
३. एका अल्बममध्ये मागून नुसता घुमारा येतो, आणि झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या.
४. गायकाचा आवाज सेंटरमध्ये कोंडलेला आणि जरा टोचणारा.

नवीन डिस्क घेण्याआधी हे मिटवायचंय.

---

डेसिबल_नाशिकरोड

चारही तक्रारींची मुळं वेगळी आहेत, एका दावणीला बांधू नका. पहिल्या दोन मिक्सच्या नसाव्यात.

ॲटमॉस संगीताचं मास्टर −१८ एलकेएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वर जाऊ नये आणि ट्रू पीक −१ डीबीच्या आत असावा, असा डॉल्बीचा दंडक आहे. हल्लीचं स्टिरिओ मास्टर सहज −९ च्या आसपास असतं. म्हणजे व्हॉल्यूम न हलवता दोन्ही ऐकलीत तर ॲटमॉस साधारण ९ डीबी खाली, आणि कान नेहमी मोठ्याच्या बाजूने कौल देतो. आवाज मोजणारं कुठलंही मोबाइल ॲप घ्या, सी-वेटिंग आणि स्लो ठेवा, फोन सोफ्यावर डोक्याच्या जागी धरा. दोन्ही आवृत्त्यांचा तोच मिनिटभराचा तुकडा वाजवून सरासरी जुळवा. ॲपचा आकडा खरा नसला तरी दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. त्याआधी कुठलीही तुलना करू नका.

मग ॲपल टीव्हीचं सेटिंग. ‘व्हिडिओ अँड ऑडिओ’मध्ये ‘चेंज फॉरमॅट’ बंद, ‘डॉल्बी ॲटमॉस’ चालू, ‘रिड्यूस लाउड साउंड्स’ बंद. म्युझिक ॲपमध्ये ‘साउंड चेक’ बंद. गाणं चालू असताना रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ अशी अक्षरं दिसायला हवीत. ‘डॉल्बी सराउंड’ दिसत असेल तर आत स्टिरिओच येतोय आणि रिसीव्हर स्वतःच त्याचे तुकडे करून खोलीभर वाटतोय. नावं इतकी सारखी आहेत की बरेच जण त्या अल्बमला उगाच शिव्या देत बसतात.

रिसीव्हरमधला डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनचा पर्याय बंद करा. ऑडिसीवाला (ऑटो कॅलिब्रेशनची एक प्रणाली) रिसीव्हर असेल तर ‘डायनॅमिक ईक्यू’ बघा. व्हॉल्यूम कमी होत जाईल तसं ते नुसता बेस वाढवत नाही, मागचे स्पीकरही उचलतं. चित्रपटाला ठीक, संगीतात समतोल बिघडतो. एक तर बंद करा, नाहीतर ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ पॉप-रॉकला १५ आणि जॅझसारख्या मोकळ्या रेकॉर्डिंगला १० ठेवा.

आता एसएसीडी. दहापैकी आठ वेळा हा ‘प्युअर डायरेक्ट’चा (सिग्नलवर प्रक्रिया न करणाऱ्या मोडचा) प्रताप असतो. डीएसडी (एसएसीडीचा मूळ) सिग्नल त्या मोडमध्ये गेला की बऱ्याच रिसीव्हरमध्ये बेस मॅनेजमेंट वगळलं जातं. तुमच्या ५ इंची वूफरचा दम ६०-७० हर्ट्झला संपतो, त्याखालचं सबकडे वळतच नाही, मग किकचा पाया गायब. प्लेअरच्या मेनूत एसएसीडीचं आउटपुट पीसीएम करा (८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ), रिसीव्हरवर साधा मल्टिचॅनेल मोड ठेवा, सगळे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (म्हणजे त्याखालचं सबकडे). आणखी एक: एलएफई वाहिनी (५.१ मधली ‘.१’, फक्त खालच्या बेसची) वाजवताना १० डीबी वर उचलायची असते. साखळीत एकानेही ते केलं नाही तर एलएफई १० डीबीने कमी आणि दोघांनी केलं तर घणघणाट. रिसीव्हरमध्ये एलएफई लेव्हल ० आहे ना, −१० नाही ना, तेही पाहून घ्या.

जाता जाता: स्पीकरच्या तारा उलट्या नाहीत ना? ॲम्प बंद करून तार सोडवा, १.५ व्होल्टच्या सेलचं धन टोक लाल तारेला क्षणभर लावा. वूफर बाहेर यायला हवा. पुढच्या दोनपैकी एक उलटा असला तर ‘मिक्स पोकळ आहे’ हाच निष्कर्ष निघणार.

---

सहावी_वाहिनी

तिसरी तक्रार मात्र मिक्सचीच दिसते. झांजा पाण्यातल्यासारख्या, ही अपमिक्सची खूण. स्टिरिओ मास्टर घेऊन सॉफ्टवेअरने त्याचे वर्णपटाप्रमाणे तुकडे पाडले की झांजा, टाळ्या, श्वास असल्या गोष्टी फाटतात, कारण त्या सगळ्या फ्रीक्वेन्सीवर पसरलेल्या असतात.

स्वतःच्या ब्लू-रे डिस्कवर खात्री करायची असेल तर ५.१ ट्रॅक काढून सहा वाहिन्यांची वेव्ह फाइल बनवा आणि ऑडॅसिटीत उघडा. क्रम असा असतो: पुढचा डावा, पुढचा उजवा, सेंटर, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. आता एकेक सोलो करून हेडफोनवर ऐका.

सेंटर: खऱ्या मल्टिट्रॅकवरून केलेल्या मिक्समध्ये इथे आवाज, कधी बेस, कधी स्नेअर, जे ठेवलंय ते स्वच्छ मिळतं. आवाजाच्या मागे अख्ख्या वाद्यवृंदाचं भूत कुजबुजत असेल तर तो आवाज स्टिरिओतून ओरबाडून काढलेला आहे.

मागच्या दोन: सीडीवरचा स्टिरिओ शेजारी आणा, दोन वाहिन्या वेगळ्या करा, उजवी ‘इन्व्हर्ट’ करा आणि दोन्ही एकत्र मोनो करा. हा झाला डावा वजा उजवा. मधोमध असलेलं सगळं त्यातून निघून जातं, कडेचं आणि घुमारा उरतो. तो मागच्या वाहिनीशी ताडून पाहा. तेच वाजतंय, फक्त १०-२० मिलिसेकंद उशिरा आणि वरची धार कापून, तर त्या मिक्समध्ये नवीन काही नाही. मास्टरिंग वेगळं असल्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत, लहरीचा आकार आणि कान यांवरच ठरवा.

एलएफई: ही बंद करून बाकी पाच ऐका. बेस उलट भरदार झाला तर मिक्स करणाऱ्याने पुढच्या वाहिन्यांतला बेसच गाळून पुन्हा एलएफईत टाकलाय. गाळणीमुळे फेज फिरते, आणि तुमचा रिसीव्हर दोन्ही एकाच सबमध्ये ओततो तेव्हा काही सूर एकमेकांना खातात. अशा डिस्कला एलएफई ५ ते १० डीबी खाली घेणं हाच उतारा.

एसएसीडी आणि स्ट्रीमिंगचं असं सहज काढता येत नाही. तिथे ॲम्प बंद करायचा, एक सोडून बाकी तारा काढायच्या, टोकं एकमेकांना लागणार नाहीत असं बघायचं, आणि ऐकायचं. ओबडधोबड आहे, पण पाच मिनिटांत उमगतं.

चौथ्या तक्रारीत मिक्सचा वाटा निम्मा असेल. स्टिरिओत मधला आवाज दोन स्पीकर मिळून ‘भासवतात’, आणि प्रत्येक कानाला समोरच्याबरोबर पलीकडच्या स्पीकरचा आवाजही साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खळगा पडतो. स्टिरिओ मिक्स करणारा तो खळगा भरून काढायला आवाजाला धार देतो. तोच धार दिलेला ट्रॅक जसाच्या तसा खऱ्या सेंटरमध्ये टाकला की खळगा नाही, धार मात्र उरते. म्हणून टोचतं. सेंटर १ ते २ डीबी खाली घ्या.

आणि गायक तिन्ही स्पीकरमध्ये सारखाच ठेवला असेल तर वेगळं दुखणं. एका बाजूला सरकलात आणि दोन स्पीकरच्या अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक पडला तरी ०.८७ मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि ५७० हर्ट्झच्या आसपास आवाजाला भोक पडतं. सेंटरची तार काढून बघा. गायक जागचा हलला नाही, नुसता थोडा मऊ झाला, तर हेच.

---

पाथर्डीफाटा_पॅनेल

मिक्सची उत्तरतपासणी झाली, आता अंगण खरंच वाकडं आहे का तेही बघू.

सोफा भिंतीला टेकलेला, हा सगळ्यात मोठा गुन्हा. ५.१ संगीत ज्या मांडणीवर मिक्स होतं त्यात पुढचे स्पीकर ३० अंशांवर आणि मागचे ११० अंशांच्या आसपास असतात, म्हणजे कानाच्या बाजूने किंचित मागे. सोफा भिंतीला असेल तर मागच्या स्पीकरला जागाच उरत नाही. लोक मग ते कोपऱ्यात छताजवळ टांगतात. चित्रपटातल्या पावसाला ते चालतं, पण गिटार मागे ठेवली असेल तर ती भिंतीत गाडल्यासारखी वाजते. सोफा निदान अडीच-तीन फूट पुढे ओढा. मागचे स्पीकर स्टँडवर, ट्वीटर कानाच्या उंचीला किंवा फूटभर वर.

बेससाठीही ते गरजेचं आहे. १६ फूट लांबीचा पहिला अनुनाद ३५ हर्ट्झला, ११ फूट रुंदीचा ५१ ला, उंचीचा ५९ ला. भिंतीला टेकून बसलं की ३५ चा फुगवटा पूर्ण मिळतो, म्हणून चित्रपटात ‘भिंती हलतात’. त्या सुखाला सब चांगला म्हणू नका. बरोबर मध्यावर बसलात तर उलट ३५ हर्ट्झ गायब. मागच्या भिंतीपासून लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, ५ फुटांच्या आसपास बरं पडतं. रोजच्या वावरात तेवढं जमणार नसेल तर तीन फूट. सबची जागा ठरवायला सब सोफ्यावर ठेवा, एकसारखी चालणारी बेसलाइन लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. सगळे सूर सारखे वाजतील तिथे सब.

छताकडे तोंड केलेले मॉड्यूल सपाट, कडक छतावरच काम करतात. पीओपीत मधे खोलगट भाग आणि कडेने पट्टा असेल तर आवाज भलतीकडे फेकला जातो. वर पंखा! पात्यांतून परतणारा आवाज फरफरतो, आणि पंख्याच्या घरघरीत घुमाऱ्याची शेपूट बुडते ती वेगळीच. पंखा बंद करून दहा मिनिटं ऐका. तरी वरून काहीच जाणवत नसेल तर मॉड्यूल काढून ५.१ वर ठेवा, रिसीव्हर वरचा आवाज खालच्या स्पीकरमध्ये वाटून देतो. चुकीच्या उंचीपेक्षा उंची नसलेली बरी.

टाइल्सवर पुढच्या स्पीकर आणि सोफ्यामध्ये जाड गालिचा हवाच. पातळ सतरंजीने फक्त वरची धार मरते. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत जा. सोफ्यावरून स्पीकर ज्या जागी दिसेल तिथे २ बाय ४ फुटांचं पॅनेल: लाकडी चौकट, ५० मिमी रॉकवूल (घनता ४८), वरून मांजरपाट, मागे दोन इंच मोकळी जागा. ती जागा शोषण खालपर्यंत नेते, आणि पावसाळ्यात भिंतीची ओल कापडात उतरत नाही. रॉकवूल अंबड-सातपूरकडे इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे विचारा. हात लावताना हातमोजे आणि मास्क. खर्च नको असेल तर मागच्या भिंतीला कापसाची जुनी गादी उभी करा. दिसायला भिकार, कामाला चोख.

सेंटर टीव्हीच्या कपाटात खोल ढकललेला असेल तर ‘कोंडलेला’ या शब्दाचं उत्तर तिथेच आहे. कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढून रबराचे तुकडे लावून कानाकडे तिरका करा.

---

टिपरू_आणि_ताशा

खराब मिक्स का होतात यावर थोडं, म्हणजे विकत घेताना अंदाज येईल.

जुन्या गाण्यांचे वेगवेगळे ट्रॅकच नसतात. अख्खा वाद्यवृंद एका वेळी बसवून मोनोत ध्वनिमुद्रण झालेल्या गाण्याचं ‘नवं ॲटमॉस’ म्हणजे तुकडे पाडून केलेला अपमिक्स, नाहीतर वरून नवी वाद्यं चढवलेलं काहीतरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

ट्रॅक असले तरी स्टिरिओची मजा बऱ्याचदा शेवटच्या एकत्रित कॉम्प्रेसरमध्ये असते. ढोल पडला की बाकी सगळं क्षणभर दबतं, त्यातून गाण्याला एकजीव हेलकावा मिळतो. ॲटमॉसमध्ये बेडच्या (ठरलेल्या जागांच्या) दहा वाहिन्या आणि ११८ पर्यंत ऑब्जेक्ट (कुठेही नेता येणारे आवाज) सुटे फिरतात, त्या सगळ्यांवरून जाणारा तसा एक कॉम्प्रेसर नसतो. मग वाद्यं स्वच्छ ऐकू येतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. ‘निर्जीव’ म्हणतात ते पातळी जुळवल्यावरही उरलं, तर हे असतं.

शिवाय पैशाचं गणित. २०२४ पासून ॲपल म्युझिक स्पेशियल ऑडिओत (म्हणजे ॲटमॉसमध्ये) उपलब्ध असलेल्या गाण्यांना १० टक्क्यांपर्यंत जादा रॉयल्टी देतं. मिक्स चांगलं की वाईट हे त्यात मोजलं जात नाही. गोदामातला जुना माल ॲटमॉसचं लेबल लावून बाहेर का येतो ते समजून घ्या.

शास्त्रीय गायनात तर लोक हद्द करतात. बैठकीत तानपुरे गायकाच्या मागे दोन्ही अंगांना, तबला सहसा गायकाच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या. ऐकणाऱ्याला हे सगळं समोर. मिक्समध्ये तानपुरा छतावर नेऊन ठेवला की षड्ज डोक्यावर आणि गायक समोर, स्वर लागल्याचं समाधानच होत नाही. मागे फक्त सभागृह हवं.

नाशिक ढोलाचं उलट. तिथे माणूस पथकाच्या मधे किंवा कडेला उभा असतो, ताशा एकीकडून आणि ढोलांची रांग दुसरीकडून अंगावर येते. चारही बाजूंनी वाजणं हेच त्याचं खरं रूप. अशा मिक्सला हात घालणार असाल तर ढोलाचा पाया मुख्य वाहिन्यांतच ठेवा. एलएफई जादा जोरासाठी आहे, आणि ५.१ चा स्टिरिओ करताना एलएफई साधारणपणे टाकूनच दिली जाते. सगळी थाप तिथे ठेवलीत तर हेडफोनवर ऐकणाऱ्याला नुसतं टिपरूची टकटक ऐकू येईल.

---

सहावी_वाहिनी

‘मागे फक्त सभागृह’ हे थेट मैफलीपुरतं मान्य. स्टुडिओत थरावर थर चढवून केलेल्या अल्बमला ते लावू नका. तिथे मुळात सभागृह नव्हतंच. मागे कोरस, गिटार, सिंथ स्पष्ट ठेवणारी मिक्स मला जास्त प्रामाणिक वाटतात. मागून नुसता घुमारा देणाऱ्या मिक्समध्ये पाच स्पीकरचे पैसे घेऊन अडीच वाजवतात.

---

गंगापूररोड_११बाय१६

आतापर्यंतचा हिशेब: पातळी जुळवताना फरक ८ डीबी निघाला. भरल्यावर दोन अल्बम ॲटमॉसमध्ये सरस, एक तरीही सपाट. ‘प्युअर डायरेक्ट’ चालूच होतं, प्लेअर पीसीएमवर नेल्यावर किक परत आली. सोफा तीन फूट पुढे, सेंटर पुढे आणि १.५ डीबी खाली; टोचणं निम्मं झालं. पाणीदार झांजांच्या ब्लू-रेवर डावा वजा उजवा करून पाहिलं, मागच्या वाहिन्या १२ मिलिसेकंद उशिराने तेच वाजवतात. म्हणजे अपमिक्सच.

दोन प्रश्न उरले. घेताना चांगलं मिक्स ओळखायचं कसं? आणि दुसऱ्या एका एसएसीडीवर सेंटर आणि सब दोन्ही साफ गप्प आहेत, डिस्क सदोष असेल का?

---

डेसिबल_नाशिकरोड

घेताना अल्बमच्या नावावर जाऊ नका. मिक्स कोणी, कोणत्या साली, कशावरून केलं ते वाचा. पिंक फ्लॉइडच्या एकट्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची तीन वेगळी आहेत: ॲलन पार्सन्सचं १९७३ चं क्वाड (चार वाहिन्यांचं), जेम्स गथ्रीचं २००३ च्या एसएसीडीवरचं ५.१ आणि त्याचंच २०२३ चं ॲटमॉस. एक आवडलं नाही म्हणून दुसरं आवडणार नाही असं नाही. ‘मूळ मल्टिट्रॅक टेपवरून’ असं कुठेच लिहिलेलं नसेल आणि मिक्स करणाऱ्याचं नावही नसेल, तर आधी स्ट्रीमिंगवर ऐका. फक्त स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस आणि डिस्कवरचं ५.१ एकच असतील असं धरून चालू नका.

गप्प डिस्कचं: वेष्टणावर ४.० किंवा क्वाड लिहिलंय का बघा. १९७० च्या दशकातली क्वाड मिक्स चारच वाहिन्यांची. सेंटर नाही, एलएफई नाही. सेंटर गप्प असणं बरोबर आहे. सब गप्प असणं बरोबर नाही, कारण चारही स्पीकर ‘स्मॉल’ असतील तर ८० हर्ट्झखालचं सबकडे यायलाच हवं. काही रिसीव्हर प्रत्येक प्रकारच्या सिग्नलसाठी मोड वेगळा लक्षात ठेवतात. ती डिस्क चालू असताना पट्टीवर पाहा, ‘प्युअर डायरेक्ट’ पुन्हा तिथे बसलेलं असेल.